भोंगाबाईची शिकाऊ खुर्ची

आगारात तिला सगळे भोंगाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे कुणी म्हटलंच तर ती काच ठोठावून म्हणायची, "मोठ्यानं बोला की! माईक माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही."

बसस्थानकाच्या मधोमध एक काचेचं खोकं होतं. एक माणूस बसला की दुसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा, एवढं. त्या खोक्यात स्टुलावर बसून ती दिवसभर सांगायची, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी चौकशी खिडकीपाशी सापडली. लहानपणीच्या तापानं तिच्या पायांत भिंत धरून चार पावलं टाकण्यापुरतीच ताकद ठेवली आणि हातांना थरथर दिली. आवाजाला मात्र ताप शिवला नाही. तिनं "फलाट क्रमांक चार" म्हटलं की फलाट क्रमांक एकवर झोपलेला माणूसही उठून बसायचा.

"देव एक घेतो, पण दुसरं देतो हो," असं एक प्रवासी तिला कौतुकानं म्हणाला होता.

"तुमची अक्कल घेऊन काय दिलं मग?" तिनं विचारलं. माईक चालू होता. त्या दिवशी गाड्या उशिरा असूनही कुणी तक्रार केली नाही.

तर असा आवाज. पण आवाजाला आगारापर्यंत नेऊन पोचवायला दादा लागायचा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, अंगानं दणदणीत, स्वभावानं लोणी. रोज सकाळी तिची चाकांची खुर्ची ढकलत न्यायचा. त्याची झोप आधी मोडायची नाही, मग चहा संपायचा नाही, आणि मग रस्त्यात जो भेटेल त्याच्याशी तो असा बोलत उभा राहायचा, जणू खुर्चीत बहीण नाही, भाजी आहे. भोंगाबाई हँडलला बांधल्यासारखी बसून राहायची आणि तिकडे पहिल्या गाड्या न सांगताच सुटायच्या.

शेवटी आगारप्रमुखांनी तिला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"बाई, आता रेकॉर्ड केलेला आवाज मिळतो. वेळापत्रक घातलं की झालं. आवाज कधी उशिरा येत नाही."

"आणि गाडी उशिरा आली तर?"

"तरी तो बोलतो."

"कुणाशी?"

साहेब टेबलावरची पिन उचलून परत ठेवत म्हणाला, "या महिन्यात वेळेवर येऊन दाखवा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तो आवाज."

म्हणजे प्रश्न सरळ होता. दादाच्या झोपेवर तिचा माईक टांगलेला. स्वतःची स्वतः आगारात पोचली तर माईक तिचा, नाहीतर घरात बसून वहिनीला सांगायचं की कुकरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.

तिच्या संघटनेची खुर्च्या-कुबड्या बनवायची एक कार्यशाळा होती. संघटना म्हणजे चाकांवरचे, कुबड्यांवरचे, काठीवरचे सगळे. यांनी पालिकेच्या पायऱ्यांवर बसून बसून उतार बांधून घेतले होते, आणि पालिकेनं ते इतके उभे बांधले की त्यावर घसरगुंडी छान व्हायची. मग त्यांनी पुन्हा बसून ते मोडून घेतले. अशा लोकांना वस्तू देणं सोपं नसतं. हे कार्यशाळेतल्या इंजिनिअर पोरीला अजून कळायचं होतं. तिनं बॅटरीवर चालणाऱ्या दोन खुर्च्या तयार केल्या होत्या. खुर्च्या सारख्याच. हाताच्या टेकूवर पुढे-मागे करायची दांडी, तीही सारखी. फरक सीटखालच्या डब्यात. दांडी हलली की चाकांना काय सांगायचं, हे तो डबा ठरवणार.

"हा पहिला डबा," पोरगी संघटनेच्या सभेत म्हणाली, "याचे आकडे मी एकदाच बसवलेत. हात थरथरो, न थरथरो, माणूस जाड असो, हडकुळा असो, फरशी असो नाहीतर खडी, सगळ्यांत वाईट काय होईल ते आधीच धरून ठेवलंय. कुणासाठीच एकदम झकास चालणार नाही. पण कुणालाच दगा देणार नाही. याला आम्ही रोबस्ट म्हणतो, म्हणजे दणकट."

"आणि दुसरा?"

"दुसरा अ‍ॅडॅप्टिव्ह. तो शिकतो. तुमचं वजन किती, थरथर कुठली आणि खरा इशारा कुठला, रस्ता कसा, हे चालता चालता ओळखतो आणि स्वतःला बदलतो. तुमच्याशी जुळवून घेतो, ताई."

झालं. पोरीला काय माहीत तिनं कुठल्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

"जुळवून घे" हे वाक्य भोंगाबाईच्या घरात मिठासारखं वापरलं जायचं. आईला तिच्या आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं, नवऱ्यानं तर न सांगताच गृहीत धरलं. आई गेली तेव्हा तिचा फोटो कुठला लावायचा यावर वाद झाला, कारण प्रत्येक फोटोत बाई वेगळीच. ज्याच्या शेजारी उभी, त्याच्यासारखी. आणि मग तेच वाक्य वारशानं लेकीकडे आलं. उंच पायरी? जुळवून घे. अरुंद दार? जुळवून घे. दादाला उठायला उशीर? घे बाई जुळवून, तोही माणूस आहे.

"आजवर मी जगाशी जुळवून घेतलं," भोंगाबाई उभ्या सभेत बसल्या बसल्या गरजली, "आता एक तरी वस्तू माझ्याशी जुळवून घेऊ दे! मला दुसरी."

टाळ्या पडल्या. फक्त मास्तरनं हात हलवला नाही. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, संघटनेतला तिचा जुना वैरी. दोघांचं एकमत झालेलं एकदाच, तेही चहा थंड आहे यावर.

"मला शिकणारी वस्तू नको," मास्तर म्हणाला. "जन्मभर शिकणाऱ्यांनीच छळलंय. मला दणकट द्या."

"मास्तर, तुम्ही दगडच मागणार. दगडाला दगड."

"भोंग्या, दगडावर पाय तरी ठेवता येतो."

"पाय चालले तर!" ती म्हणाली, आणि सगळी खोली हसली. मास्तरसुद्धा हसला असता, पण त्यानं तोंड वेळेत फिरवलं.

पहिले काही दिवस स्वर्ग. खुर्चीनं तिचा हात खरंच ओळखला. थरथर सोडून द्यायची आणि मनातलं घ्यायची. ती सकाळी दार ओढून घ्यायची, उतारावरून खाली, मंडईच्या कडेनं, सिग्नल ओलांडून थेट आगारात. साहेब घड्याळाकडे बघायचा आणि घड्याळ खोटं बोलतंय का ते हातातल्या घड्याळावर ताडून बघायचा. खोक्यात खुर्ची मावायची नाही, म्हणून ती बाहेर ठेवून, चौकटीला धरून ती स्टुलावर सरकायची आणि माईक चालू करायची. त्या आठवड्यात तिनं रद्द झालेल्या गाड्यासुद्धा अशा सांगितल्या की लोकांना बरं वाटलं.

मग खुर्ची बिघडली. म्हणजे बिघडली असं म्हणावं, तर तसंही नाही. सकाळी बसलं की ती पिसाळल्यासारखी करायची. बोट नुसतं थरथरलं तरी झेप घ्यायची. एकदा दाराची चौकट, एकदा शेजाऱ्याची सायकल, एकदा शेजारी. गल्लीच्या टोकापर्यंत हे नाटक, आणि पुढे एकदम गरीब गाय.

भोंगाबाई तरातरा कार्यशाळेत गेली. तरातरा म्हणजे खुर्ची जेवढी तरातरा नेईल तेवढी.

"काय गं, काय विकलंस मला? गाढव?"

पोरीनं खुर्ची तपासली. तारा तपासल्या. भोंगाबाईला अंगणात चकरा मारायला लावल्या. खुर्ची अशी चालली, जणू तिला लग्नासाठी बघायला आलेत.

"ताई, छान चालतेय की."

"इथं छानच चालणार! पाहुण्यांपुढे पोर शहाणंच असतं. घरी येऊन बघ."

मास्तर कोपऱ्यात पेपर वाचत होता. पेपराआडून म्हणाला, "शिकतेय बिचारी. मालकिणीचा स्वभाव उचलला असेल."

जी वस्तू भर सभेत टाळ्या घेऊन निवडली, ती चुकली असं मास्तरसमोर कबूल करण्यापेक्षा भोंगाबाईनं रोज एक चौकट फोडली असती.

पण चौकटीवर निभावलं नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती खोक्यातून बाहेर आली, खुर्चीत बसली आणि दांडीला हात लावला. खुर्ची सुटली ती तिकिटाच्या रांगेतच घुसली. रांग दुभंगली. एका आजोबांची पिशवी उडाली, एक बाई मांडीवरच येऊन बसली, आणि सगळी वरात साहेबाच्या केबिनच्या दारावर जाऊन थडकली. दार उघडून साहेब बाहेर आला. समोर भोंगाबाई, भोंगाबाईच्या मांडीवर प्रवासी.

कुणाला लागलं नाही. साहेबानं आधी त्या बाईला उठवलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "बाई, वेळेवर येता, मान्य. पण हे एखाद्याच्या जिवावर बेतेल. सोमवारी शेवटचं बघतो. खुर्ची अशीच चालली, तर खुर्ची घरी आणि तुम्हीही."

एरवी तिनं साहेबाला दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी तिनं आजोबांची माफी मागितली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली. तिची आंघोळ म्हणजे तास-तास. भिंतीचा दांडा धरायचा, हात थरथरायचे, साबण निसटायचा. घरात सगळ्यांना सवय. त्या दिवशी पाणीच गेलं. अंगावर कपडे चढवून, भिंत धरत धरत ती नेहमीपेक्षा फार लवकर दारात आली, आणि दारातच थांबली.

तिच्या खुर्चीत दादा बसला होता. बसला म्हणजे राजासारखा, पाय समोरच्या स्टुलावर, चहाचा कप पोटावर. दांडी ढकलून खुर्चीसकट स्वयंपाकघरापर्यंत गेला, डब्यातलं बिस्कीट काढलं, उलटा फिरून टीव्हीसमोर आला. वळण असं झकास घेतलं, की सराव दिसत होता. वहिनी हातात निवडायची भाजी घेऊन शेजारी उभी. आणि बाबा, ज्यांनी या वयात देवाचं नाव घ्यायचं, ते काठी आपटत म्हणत होते, "ए, झाली तुझी पाळी. ऊठ आता. मी बसतो."

"किती दिवस चाललंय हे?" भोंगाबाईनं विचारलं. माईक नसताना. तरी शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

दादाचा चहा सांडला. वहिनी भाजीत शिरली.

"अगं, घरात गादीची खुर्ची ही एकच," दादा म्हणाला. "जरा टेकलो."

"टेकलास? स्वयंपाकघरात जाऊन टेकलास?"

"माझी कंबर बघ की गं! तुला ढकलून ढकलूनच गेलीय ना ही? एवढी वर्षं मी मागे होतो. थोडा वेळ खुर्चीत बसलो तर खुर्ची झिजली का?"

हे वाक्य वर्मी लागलं. कंबर खरी होती.

"आणि मलाच काय बोलतेस?" दादाला जोर चढला. "तुझ्या आगारातले कंडक्टर काय करतात, विचार! तू आत स्टुलावर, आणि बाहेर ते पाळीपाळीनं फेऱ्या मारतात. मलाच सांगत होते, मस्त आहे म्हणून."

"मी फक्त झाडायला म्हणून सरकवते," वहिनी भाजीतून म्हणाली. "आता काय डोक्यावर उचलून झाडू?"

भोंगाबाई भिंतीला टेकली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्ची बिघडली नव्हती. खुर्ची फार हुशार होती. हिची पाठ वळली की दादाचं वजन आणि दादाचा ठाम हात शिकून बसायची. सकाळी त्याच समजुतीनं हिच्या हलक्या देहाला दणदणीत माणसाची ताकद लावायची आणि थरथरीला हुकूम समजायची. गल्लीच्या टोकापर्यंत चूक उमगली की पुन्हा हिची. दुपारी कंडक्टरची. झाडताना वहिनीची. जो बसेल त्याची. तिला वाटलं होतं खुर्ची *तिच्याशी* जुळवून घेते. खुर्ची कुणाशीही जुळवून घेत होती, आणि ज्याच्याशी घ्यायची त्याला आपलीच वाटायची.

आईचे ते फोटो तिच्या डोळ्यांपुढून गेले. "उठा सगळे," ती म्हणाली. दुपारी कार्यशाळा उघडते हे तिला माहीत होतं, आणि रविवारी मास्तर तिकडे फिरकत नाही हेही.

इंजिनिअर पोरगीनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, मी तुमच्यासाठी केली होती. घरात आणखी माणसं असतात हे माझ्या लक्षातच नाही आलं."

"तू एकटी राहतेस?"

"हो."

"मग बरोबर."

पोरगी उपाय शोधायला लागली. दाबायला नंबर ठेवू? नंबर दाबल्याशिवाय खुर्ची हलणारच नाही. भोंगाबाईनं तिच्यापुढे बोट धरलं. ते बोट एका बटणावर जाता जाता शेजारच्या तिघांना भेटून आलं. बरं, मग शिकण्याला कुंपण घालू? म्हणजे शिकेल, पण ठरलेल्या हद्दीतच? ते होईल, पण चाचण्या कराव्या लागतील, काही महिने जातील.

"माझ्याकडे उद्या सकाळ आहे," भोंगाबाई म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. हे तिला नीट जमायचं नाही, ती कुजबुजली तरी खिडक्या वाजायच्या. "तो दगड दे मला. दणकट. मास्तरला सांगू नकोस."

मागे चाकांचा आवाज झाला. दारात मास्तर.

"तुमचं आज काय काम?" तिनं विचारलं.

"हवा भरायला आलो. तुझं?"

"हवाच."

दोघं आपापल्या टायरकडे बघत बसले. टायर टणक होते, दोन्हींचे. आणि त्या पोरीला, जिला गणितातलं सगळं कळत होतं आणि माणसातलं काही नाही, तिला एकदम आनंद झाला.

"अरे वा, बरंच झालं की! मास्तरांनाही डबा बदलून हवाय. कालच फोन केला होता. अदलाबदलच करून टाकू!"



"माझा हात दिवसेंदिवस हलका पडतोय," मास्तर शेवटी भिंतीला म्हणाला. "सकाळी दांडी ढकलली जाते, संध्याकाळी नाही. हा डबा सकाळ-संध्याकाळ सारखाच. मला कुणीतरी ओळखून घेणारं पाहिजे."

भोंगाबाईच्या जिभेवर चार टोमणे रांगेत उभे होते. तिनं चौघांना परत पाठवलं.

"घरी तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं का?" तिनं विचारलं.

"माझ्या घरी बसायला आहे कोण? एक मांजर."

"मांजर दांडी हलवत नाही ना?" पोरगीनं काळजीनं विचारलं.

"अजून तरी नाही."

"मग तुम्हालाच शोभेल ती," भोंगाबाई म्हणाली. "गुणी आहे. फक्त मालक एकच लागतो."

"आणि ही तुला," मास्तर म्हणाला. "मंद आहे. पण सरळ."

संघटनेच्या पुढच्या सभेत यावर कुणीच बोलायचं नाही, असं ठरलं. ठरवलं कुणी नाही, पण ठरलं.

सोमवारी सकाळी भोंगाबाई नेहमीपेक्षा बरीच आधी निघाली. नवा डबा खरंच मठ्ठ होता. दांडी पुरती ढकलल्याशिवाय ऐकायचा नाही, ढकलली की बैलासारखा विचार करून निघायचा. हाताची थरथर त्याला कळायचीच नाही. खरी इच्छासुद्धा उशिरा कळायची. मंडईपाशी एक आजीबाई तिला चालत ओलांडून पुढे गेल्या. भोंगाबाईनं त्यांना नजरेनं धमकावलं. पण चौकट चौकटीच्या जागी राहिली, शेजारी शेजाऱ्याच्या, आणि आगाराच्या उतारावर खुर्ची न बिचकता, न उसळता, कासवाच्या तोऱ्यात वर चढली.

साहेब फलाटावर उभा होता. तिकिटाची रांग तिला बघून आपोआप दोन हात मागे सरकली. ती रांगेच्या कडेनं, कुणाच्या चपलेलाही न लावता, खोक्यापर्यंत गेली. साहेबानं घड्याळ बघितलं, मग खुर्ची, मग परत घड्याळ.

"दुरुस्त झाली?"

"नाही. आता हिला काही कळतच नाही. त्यामुळे बरी आहे."

साहेबानं मान डोलावली, बहुधा आपल्या वरच्या अधिकाऱ्यांची आठवण होऊन. "बसा मग. पहिली गाडी लागलीय," म्हणाला आणि केबिनकडे वळला.

ती स्टुलावर सरकली, माईक चालू केला, घसा खाकरला. सकाळच्या गाड्या एकेक करून लागल्या, सुटल्या. मध्येच काचेतून तिनं बाहेर पाहिलं. तिच्या खुर्चीत एक जाडजूड कंडक्टर ऐटीत बसला होता, दांडी पुढे-मागे ढकलून बघत होता, आणि खुर्ची आधीची मजा का दाखवत नाही म्हणून तिच्याकडे वाकून बघत होता. भोंगाबाईनं काच ठोठावली नाही. बसू दे. त्याला कितीही शिकवू दे.

मग तिनं समोरचा फलाट बघितला, माईक तोंडाजवळ ओढला आणि सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. ड्रायव्हर बसले आहेत, प्रवासी बसले आहेत. कंडक्टर माझ्या खुर्चीत बसले आहेत. प्रवाशांनी कृपया येऊन घेऊन जावे."